टिकावनातलं काचेचं डाळिंब

आमच्या केशोरीत केवलरामच्या घरी चहाला जायचं तर हातात वेळ घेऊन जावं लागे. चहा लवकर मिळे, सुटका नाही. धानाचा व्यापार करणारा हा माणूस, शेताच्या बांधीत उभा राहून लोंबीवरून पीक सांगणारा, पण सगळा जीव अडकलेला कुठं, तर काचेच्या पेपरवेटांत. तेही चिनी.

ती गोंदियात सापडत. पूर्वी बिडीच्या कचेऱ्यांत, राईस मिलच्या गाद्यांवर छताचे पंखे गरगरत आणि कागद उडू नयेत म्हणून मुनीमजी वर काचेचा गोळा ठेवत. कधीतरी कलकत्त्याहून गाडीनं आलेले असतील. पुढं कागद गेले, गोळे भंगारात आले आणि भंगारवाला "सेठ, आपका माल आया" म्हणून केवलरामला फोन करू लागला. पांढऱ्या काचेवर रंगीत चित्र आणि वरून जाड पारदर्शक काच. कुठं लाल मासा, कुठं बदकांची जोडी, कुठं वटवाघूळ. चिनी लोकांत प्रत्येक चित्राला अर्थ असतो, हे त्यानं मोबाइलवर शोधून काढलं आणि आमच्या नशिबी कीर्तन आलं. मासा म्हणजे घरात भरभराट. बदकं म्हणजे न तुटणारी जोडी. वटवाघूळ म्हणजे सुख! एकदा खरंच एक घरात शिरलं तर त्यानं ते हाकलू दिलं नाही. शेवटी अनुसयाबाईनं, त्याच्या बायकोनं, झाडणी घेतली आणि सुखाला दाराबाहेर काढलं.

त्याचं सगळं मन लावून ऐकणारी एकटी दुर्गेश्वरी. ही त्याच्या मोठ्या भावाची मुलगी. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून काका-काकूंनीच तिला वाढवलं. लहानपणी ओसरीत बसून ती गोळे पुसून द्यायची आणि अर्थ पाठ म्हणायची.

तिचं लग्न झालं, मोडलं. लेकरू होत नाही म्हणून सासरच्यांनी आणून सोडली. काही वर्षं ती काकाच्या घरी खाली मान घालून राहिली. मग दवनीवाड्याच्या धर्मेंद्रचं स्थळ आलं. त्याची बायको वारलेली, पदरी आचल नावाची मुलगी. माणसं चांगली. लेकरांचा विषय मांडवात कोणी काढायचा नाही, असं घरात बजावून ठेवलं होतं. बजावणारा स्वतः केवलराम.

आमच्याकडं लग्नात टिकावन असतं. एकेक नातेवाईक येतो, नवरा-नवरीला तांदळाचा टिळा लावतो, भेट ठेवतो, आणि कोणी काय दिलं ते माइकवर पुकारलं जातं. पाण्याचा पितळी गुंड झाला, परात झाली, पंखा झाला. केवलराम आला. त्यानं खिशातून आपल्याजवळचा सगळ्यात सुंदर गोळा काढला. फुटलेलं डाळिंब, आत लाल दाणे, एकेक दाणा चमकणारा. तो गोळा त्यानं कधी कोणाच्या हातात दिला नव्हता. पोरीला द्यायचा म्हणून त्याचं काळीज भरून आलं होतं, हे मी जवळून पाहिलं. पुकारणाऱ्याला डाळिंबाचा अर्थ काय ठाऊक? म्हणून त्यानं माइक स्वतःच्या हातात घेतला.

"चीन देशात डाळिंब कायले देतेत? तर यात जेवढे दाने, तेवढे लेकरं!"

भोंग्यानं शब्द पार तळ्यापर्यंत नेला असेल. नवरीनं टिळ्याखालचा चेहरा वर केला नाही. मागून कोणीतरी फिसकन हसलं. केवलरामच्या हातात माइक तसाच, आणि तोंडावरचा रंग उतरताना सगळ्यांनी पाहिला. धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून सुटलेला शब्द. याचा तर भोंग्यातून सुटला होता.

मला त्याचा राग आला, खोटं कशाला सांगू. पण पुढं राग धरणं कठीण झालं. माणूस रस्त्यानं जाईना. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाण्याची बैठक असली की मागं बसे आणि आधी उठे. गोळे त्यानं धानाच्या कोठीत पोत्यांमागं लपवले. दुर्गेश्वरीला फोन लावी आणि वाजायच्या आधीच कापून टाकी. अनुसयाबाई म्हणाली, "बोला ना तिच्यासंग." तर म्हणे, "कोन्या तोंडानं बोलू? याच तोंडानं?"

दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा आली. मंडईला लेकी माहेरी येतात. आली नाही तर गावाला काय ते कळतं. दुपारपर्यंत केवलराम ओसरीच्या खांबाला टेकून वाट पाहत होता. मी चहाला म्हणून गेलो होतो, खरं तर पाहायलाच.

ती आली. सोबत धर्मेंद्र आणि आचल. पाणी पिऊन झालं तशी तिनं गोळ्यांची रिकामी फळी पाहिली.

"काकाजी, काचेचे गोळे कुठं गेले? मी पोरीले दाखवाचं कबूल करून आनलं."

त्यानं मुकाट्यानं गोळे आणून मांडले. आचलनं मासा उचलला. "आबाजी, हे काय आहे?"

"मासा."

"कायले काढला?"

"असाच. पान्यात राहते म्हनून."

दुर्गेश्वरी काकाकडं बघत राहिली. मग तिनंच पोरीला मासा सांगितला, बदकं सांगितली, वटवाघूळ सांगितलं, लहानपणी पाठ केलेलं सगळं. आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं डाळिंब काढून काकाच्या हातावर ठेवलं.

"अन् हे?" आचल म्हणाली.

केवलरामनं गोळा मुठीत झाकला.

"सांगा ना काकाजी," दुर्गेश्वरी म्हणाली. "तिथं तर माइकवर सांगतलं होतं."

त्याची मान छातीला लागली. तो म्हणाला, "चुकलो मी, बाई. मले काचच दिसली. तू दिसली नाही."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "लहानपनापासून माहीत आहे."

या उत्तरानं तो जास्त मोडला. सत्तरीला टेकलेला माणूस पोरीसमोर ढसाढसा रडला. मी चहाचा कप उगाच फिरवत बसलो. मला आता तिथून जायला हवं होतं.

बाहेर मंडईचे ढोल सुरू झाले. आचलनं त्याची बाही ओढली. "आबाजी, चला ना मंडईले."

तो उठला. डाळिंब मुठीत तसंच होतं.

"चला," दुर्गेश्वरी म्हणाली. "पन काच ठेवून या, काकाजी."