रेकॉर्ड वाळेपर्यंत

आमच्या घरात किस्से साचले ते रेकॉर्ड वाळायला वेळ लागतो म्हणून. 'लगेच निघतो' म्हणणारा माणूस दुसऱ्या चहापर्यंत बसायचा. आमच्या तीर्थपुरीत तोवर सगळीकडे सीडी आल्या होत्या, पण माझा मोठा भाऊ, दादा, लोकांच्या जुन्या रेकॉर्ड घरी धुऊन द्यायचा. दादा गेला त्याला अजून महिना झाला नाही. वहिनी म्हणते, "मशीन देऊन टाका, मला बघवत न्हाई." मला ती द्यायची नाही.

*

मशीन म्हणजे सोनार दागिने धुतात तशी अल्ट्रासोनिक, जरा मोठी. पाण्याला बारीक थरथर सुटायची आणि रेकॉर्ड त्यात उभी, संथ फिरायची. मधला, गाण्याचं नाव छापलेला कागद पाण्याच्या वर. खाचांतून धूर निघावा तशी धूळ निघायची. बघता बघता डोळे जड व्हायचे. एक गुरुजी असेच झोपले. जागे झाल्यावर म्हणाले, "काय गोड गाणं होतं हो."

आम्ही अजून लावलंच नव्हतं.

*

आपल्याला ती थरथर नुसती भुणभुण वाटायची, पण ओट्यावरच्या कुत्र्याला सोसत नसे. मशीन सुरू झाली की ते पिठाच्या गिरणीत जायचं आणि तिथल्या खडखडाटात निवांत झोपायचं. कुत्रं निघालेलं दिसलं की वहिनी नळावरूनच म्हणायची, "झालं सुरू. माझं धुणं तसंच पडलंय, अन् ह्यांची गाणी न्हाऊन राह्यली."

*

साधं पाणी चालत नसे. मी वडीगोद्रीच्या बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन आणायचो. तो दर वेळी विचारायचा, "ट्रॅक्टर किती हैत तुमच्याकडं?"

एकदा मी वैतागलो. "ट्रॅक्टर न्हाई. गाणी धुतो."

त्याने कॅन स्वतःकडे ओढून घेतला. "मंग घरचं कोणी मोठं माणूस पाठव."

*

आष्टीचे रहीमचाचा लग्नात लाउडस्पीकर लावायचे. त्यांची एक रेकॉर्ड मधेच अडकायची. दादाने धुतली, ती सरळ शेवटपर्यंत गेली. चाचांचं तोंड उतरलं.

"ये क्या किया? अटकतच नहीं!"

"चांगलंच झालं की, चाचा."

"कायकू चांगलं? सारी बारात उसीच जगह नाचती थी."

दादा म्हणाला, "आता पुरं गाणं नाचायला सांगा."

*

धुतलेल्या रेकॉर्डवर गाण्याच्या आधी गाणारीचा श्वास ऐकू यायचा. दादा सुई उचलून पुन्हा तिथेच ठेवायचा. मी म्हणायचो, "पुढं जाऊ दे की."

"गाणं काय, पळून चाललंय का? आत्ता एवढंच ऐक."

आम्ही दोघं दुपारभर श्वास ऐकत पडून राहायचो.

*

दादा गेला त्या दिवशी चाचांची एक रेकॉर्ड वाळत होती. परवा चाचा आले. बसले. रेकॉर्ड मागेनात. मला राहवलं नाही. उठलो आणि लावली. आवाजाचं बटण दादाने ठेवलं होतं तिथेच होतं.

वहिनी आत भाकरी थापत होती.

"अहो, आवाज कमी करा," ती नेहमीच्या सवयीने आतून म्हणाली.

थापणं थांबलं. चाचा जमिनीकडे बघू लागले. मी घाईघाईने बटण फिरवलं, ते जरा जास्तच फिरलं.

"एवढा कमी नका करू, भावजी," वहिनी म्हणाली. "मला बी ऐकू येऊ द्या."