वाटेवरची नागली

खोडाळ्याच्या बाजारात करिष्माची भजी न खाल्लेला माणूस शोधून सापडायचा नाही. इथल्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा पहिली ओळख तिचीच झाली, ती तिच्या हसण्यामुळे. ती कढईमागे बसली की मागचं दुकान झाकून जायचं. "बाई, माझ्या आड उभ्या रहा, ऊन लागायचं नाय," असं तीच म्हणायची, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत. अंगाने ती आजीवर गेली होती. थोरली बहीण प्रतिक्षाही तशीच होती म्हणे. प्रतिक्षाला मी कधी पाहिलं नाही, तरी तिला वगळून करिष्माचं काही सांगता येत नाही.

प्रतिक्षा पहिल्याच बाळंतपणात गेली, पोटातल्या लेकरासकट. नाशिकला नेताना वाटेतच बाळाचे ठोके मंदावले, म्हणून एका दवाखान्यात घाईने पोट चिरायचं ठरलं. तिला झोपवलं आणि ती उठली नाही. अशी बाई घराच्या ओढीने परत येते आणि घरातल्या पुढच्या बाळंतिणीला सोबत नेते, असं इथे मानतात. म्हणून माती झाल्यावर आईने, हौशीने, ओहळाजवळच्या वळणावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे टाकले. मेलेल्या बाईला दाणा न् दाणा वेचल्याशिवाय पुढे येता येत नाही, आणि वेचता वेचता उजाडतं. नागलीचा दाणा तो केवढा! पुढे दर अवसेला हौशी तिथे नवी मूठ टाकत राहिली.

पोटच्या पोरीला घराबाहेर ठेवायला आई दाणे टाकते, हे कळल्यावर मी चिडले. "हौशीबाई, नागली खायची असते," मी तोंडावर म्हटलं. "खातोच की बाई," ती म्हणाली आणि सूप पाखडत राहिली. आता खरं सांगायचं तर त्या वळणावर मीही रस्त्याच्या कडेने चालू लागले होते. दाण्यांवर पाय द्यायचा धीर होत नसे.

करिष्माचं त्याहून वेगळं होतं. डोळा लागता लागता तिला मातीत नख घासल्याचा आवाज यायचा. "ती वेचते, बाई. मना आयकू येतं," तिने एकदा भज्यांचं पीठ कालवता कालवता सांगितलं. "लहानपणी लांब होता आवाज. आथां जवळ आलाय." हे सांगताना ती हसली नाही, आणि ती हसली नाही की बाजार ओस वाटायचा.

मग तिला दिवस गेले. नवरा नितीन मोखाडा-खोडाळा जीप चालवतो. "सरका, सरका, आणखी एक बसंल," एवढंच दिवसभर बोलणारा माणूस. आमच्याकडे बायकांचं वजन कमी म्हणून नर्सबाईंचा जीव टांगणीला लागलेला असतो. करिष्मा काट्यावर चढली तेव्हा त्या आधी खूशच झाल्या. मोखाड्याच्या डॉक्टरांनी मात्र उंची मोजली, वजनाशी हिशेब घातला आणि बीएमआय फार आहे, बाळंतपण नाशिकच्या मोठ्या दवाखान्यातच करा, असं बजावलं. करिष्माने सगळं ऐकलं आणि एकच गोष्ट मनाशी धरली. दुखणं कमी करायचं कसलंही औषध घ्यायचं नाही.

मला सुट्टी होती म्हणून मीही सोबत गेले. दवाखान्यात पोचलो तेव्हा कळा नुकत्या लागल्या होत्या. भुलीच्या डॉक्टरबाई आल्या. वयाने लहान, पण घाई नसलेल्या. त्यांनी खाटेवर बसून समजावलं. नाकातोंडाने घ्यायचा गॅस आहे, त्याने थोडं हलकं वाटेल. दंडातलं इंजेक्शन आहे, पण त्याने गुंगी येते आणि जड शरीराला श्वास घेणं कठीण जातं. तिसरी वाट पाठीतली. मणक्यांच्या फटीतून बारीक नळी घालायची आणि तिच्यातून औषध सोडत राहायचं. "तुमच्या अंगामुळे फट सापडायला वेळ लागेल. म्हणून ती आत्ताच, कळा सोसवताहेत तोवर घालू. कधी नीट लागत नाही, पुन्हा घालावी लागते, तेही सांगून ठेवते."

"नको," करिष्मा म्हणाली. "दुखू दे. दुखतंय तंवर मी जागी हाय."

"सुई नको," हौशीने तिचा हात धरला. "थोरलीला सुई दिली नि ती गेली."

या दोघींशी वाद कसा घालायचा, मला कळेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आई, थोरलीला पाठीत सुई दिली होती का?"

"नाय. तोंडावर लावलं नि झोपवलं."

"जड अंगाच्या बाईला घाईत झोपवलं की श्वासाची नळी घालणं अवघड होतं. ही सुई त्याचसाठी. पाठीतली नळी आधी घातलेली असली आणि नीट चालली, तर ऐनवेळी पोट चिरायला लागलं तरी तिच्यातूनच औषध वाढवता येतं. बहुतेक झोपवावं लागत नाही." त्या करिष्माकडे वळल्या. "तुझ्या बहिणीला मिळाली नाही, ती ही सुई आहे."

कळ आली आणि गेली. इतकी वर्षं ज्या सुईने बहीण नेली असं ती धरून चालली होती, ती सुई बहिणीला कधी मिळालीच नव्हती. करिष्मा रडली, आणि मग स्वतःच वळून पाठ करून बसली.

हौशीने समोरून तिचे खांदे धरले. डॉक्टरबाई बोटांनी चाचपत विचारायच्या, "कुठे जाणवतं? डावीकडे की उजवीकडे?" करिष्मा सांगायची. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लागलं.

दुपारनंतर बाळाचे ठोके मंदावले. थोरलीच्या वेळी मंदावले होते तसेच. हौशी दाराशी भिंत धरून खाली बसली आणि पदराच्या गाठीतली नागली घट्ट आवळून राहिली. आत नळीतून औषध वाढवलं गेलं आणि पोट चिरलं तेव्हा करिष्मा जागी होती. नंतर तिने मला सांगितलं, "नख घासल्याचा आवाज उशाशी आला होता, बाई. अगदी कानाशी. पोर रडलं नि थांबला." मुलगी होती.

टाके काढून आम्ही नितीनच्या जीपने परत निघालो. पुढे नितीनच्या शेजारी करिष्मा आणि बाळ, मागे हौशी आणि मी. ओहळाजवळचं वळण आलं तशी हौशीने पदराची गाठ सोडली. अंगावर पिणारं लेकरू घरी येत होतं, आज मूठ मोठीच टाकायला हवी होती.

"नको आये," करिष्मा मागे वळून म्हणाली. "किती वेचील ती? एकली वेचते कवापासून."

"लेकरू हाय, पोरी."

"मावशी हाय ती त्याची. नितीन, थांबव."

नितीनने जीप थांबवली. काही न विचारता उतरला, मागचं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. ओहळाचं पाणी वाजत होतं. हौशीची मूठ मिटलेलीच होती. ती उघड्या दाराकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने दाणे पुन्हा पदरात बांधले आणि सीटवर थोडी आत सरकली.

मी हे काही मानत नाही. पण मीही सरकले.