पेवाच्या तोंडाशी म्हटलेला शब्द

नरसीपासून कोसभर असलेल्या आमच्या गावात कुणी आपलं पेव कुठं आहे हे विसरला, तर सोनाजीला बोलावायचं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. तोंड लहान, पोट मोठं, आत कडब्याचा थर, वर दगड आणि दगडावर माती. एकदा सारवलं की वरून बैल चालून गेला तरी खाली दाणा आहे हे कळायचं नाही. चोराला कळू नये म्हणून ही सगळी खटपट, पण मालकच विसरभोळा निघाला तर बसा बोंबलत. किसनराव पाटलांनी एकदा स्वतःच्याच पेवासाठी निम्मं अंगण उकरलं होतं. शेवटी सोनाजी आला, चिंचेपासून अकरा पावलं चालला, टाच आपटून म्हणाला, "हितं हाय." तीन वर्षांमागं ते भरताना तो नुसता पाहायला उभा होता.

लोक त्याच्या ध्यानाचं कौतुक करत. मला त्याचा शेजारी म्हणून जे ठाऊक होतं, ते ठाऊक असतं तर त्यांनी कौतुक केलं नसतं.

चौतीस सालच्या आषाढात सोनाजीचा धाकटा भाऊ संतराम पेवात गुदमरून मेला. बंद पेवात वाईट वाफ धरते. तोंड उघडून एक-दोन दिवस तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझणार, एवढा साधा हिशेब. हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. तरी संतराम कंदील न सोडताच उतरला. तेव्हा पेवाजवळ तिघंच होती म्हणे, संतराम, त्याची बायको नीलाबाई आणि सोनाजी. आम्ही ओरडा ऐकून धावलो, गावातल्या खाजा मियानं विहिरीचा गळ टाकून त्याला वर ओढलं, पण उशीर झाला होता.

"मीच त्याला म्हणलो, उतर, काय होतंय," सोनाजीनं मला बऱ्याच वर्षांनी बांधावर बसून सांगितलं. "कंदिलाची वाट कोण बघतं, असं म्हणलो. माझा आवाज आजून माझ्या कानात हाय."

त्या एका वाक्यावर त्यानं पुढचं सगळं आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. भावाचं आणि स्वतःचं रान एकट्यानं वाहिलं. गावात कुठंही पेव उघडायचं असलं की हा कंदील घेऊन हजर. लोक म्हणायचे, सोनाजीला हौसच फार. हौस कसली डोंबलाची!

घरात नीलाबाई आणि तिची लेक शालू. आमच्याकडं बाई नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, बोलत नाही. त्याच्यासमोर पदर पुढं ओढते आणि काही सांगायचं झालं तर मधे कुणीतरी लागतं. शालू होती तोवर ती निरोप न्यायची. "मोठेबाबा, आई म्हणते भाकरी झाली." पुढं शालू लग्न होऊन आखाडा बाळापुरास गेली, तेव्हा नीलाबाई भिंतीला सांगू लागली. "अगं भिंती, बैलाला सरकी संपली म्हणावं." सोनाजी ओसरीवरून ऐकायचा आणि उठून जायचा. लोकांच्या भिंतीला नुसते कान असतात, नीलाबाईच्या भिंतीला कामंही होती. मी यावर पुष्कळ हसलो आहे. आज त्याची लाज वाटते.

कारण सोनाजीला ते मौन रीतीचं वाटतच नव्हतं. त्याला वाटे, हिला सगळं ठाऊक आहे आणि नवरा मारणाऱ्याशी ही काहून बोलेल?

मग अठ्ठेचाळीस साल आलं. रझाकारांच्या धामधुमीत आमचं निम्मं गाव पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात निघून गेलं. जाण्याआधी सोनाजीनं एक पेव भरलं आणि त्यावर शेणाचा उकिरडा रचला. पोलीस ॲक्शननंतर दसऱ्याच्या सुमारास परतलो, तर दारं नव्हती, भांडी नव्हती, बाकीची पेवं कुणीतरी उकरून रिकामी केलेली. सोनाजीचा उकिरडाही पांगला होता, पण त्यानं विहिरीच्या काठावरून पावलं मोजली आणि नेमक्या जागी टाच आपटली. दगड लागला! आता आमच्या तीन घरांचं पोट त्या एका दगडाखाली होतं.

पेव उघडलं. कंदील सोडला, तो विझला. दुसऱ्या दिवशी सोडला तेव्हा जेमतेम मिणमिणला आणि मान टाकू लागला. आम्ही चार दिवस उकडलेल्या भाजीवर होतो, आणि भूक माझ्या डोक्यात गेली होती.

"उतरा ना आता," मी ओरडलो. "जळून राहिला की कंदील! किती वाट बघायची?"

सोनाजीनं माझ्याकडं पाहिलं. रागावला नाही. कंदील वर घेतला, दोरीचं टोक माझ्या हाती दिलं आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधू लागला. "बराबर हाय. पण दुसऱ्या कुणाला उतरू देणार न्हाई. मीच जातो."

त्यानं एक पाय आत सोडला, तोच मागून कुणीतरी दोरी धरली. नीलाबाई होती. डोक्यावरचा पदर मागं गेला होता आणि तिनं तो सावरला नाही.

"उतरू नका," ती म्हणाली.

भिंतीला नाही, त्याला म्हणाली. चौदा वर्षांत तिला त्याच्याशी बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.

सोनाजीनं मान खाली घातली. "बाई, संतरामला मीच उतर म्हणलो व्हतो. तुमी काहून बोलत न्हाई ते मला ठाऊक हाय. आता मला जाऊ द्या."

"काय बोलून राहिले तुमी?" नीलाबाईचा आवाज फुटला. "तुमी तिथं व्हते कुठं? कंदिलात तेल नव्हतं म्हणून घरी गेल्ते. शालू भुकेनं रडून राहिली व्हती. मी म्हणले त्यायले, उतरा, काय होतंय. मी म्हणले! मला वाटे तुमाला ते ठाऊक हाय, म्हणूनच तुमी माझ्याकडं न बघता जेवता."

सोनाजी पेवाच्या काठावर मागं सरकला. मग पाय बाहेर काढला आणि कमरेची दोरी सोडली. त्या दिवशी कुणीच उतरलं नाही. आम्ही पुन्हा भाजी खाल्ली. तिसऱ्या दिवशी कंदील तळाशी टेकून मजेत जळत राहिला, सोनाजी आत गेला आणि नीलाबाई वरून टोपली ओढू लागली.

खरं काय होतं? मी दोघांनाही वेगवेगळं विचारलं. सोनाजी म्हणाला, "मला वाचवायला खोटं बोलली बिचारी. माझा आवाज मला वळखू येत न्हाई का?" नीलाबाई म्हणाली, "त्यायचं ध्यान चुकलंय. सगळ्या गावाची पेवं ध्यानात, अन् आपण कुठं व्हतो तेवढं न्हाई." कदाचित दोघंही म्हणाली नसतील आणि संतराम आपणहून उतरला असेल. पण दोघांपैकी कुणीही मरेपर्यंत तो शब्द दुसऱ्याला दिला नाही.

आणि मी? भर दिवसा, चार माणसांदेखत 'उतरा' म्हणून ओरडलो होतो. तिनं दोरी धरली नसती, तर तो माझ्या शब्दावर आत गेला असता. माणूस वाचला म्हणून माझा शब्द कुणाच्या ध्यानात राहिला नाही, नीलाबाईच्याही नाही.

त्या दिवसानंतर तिनं भिंतीला निरोप सांगितला नाही. भाकरी झाली की ओसरीच्या दाराशी यायची आणि म्हणायची, "उठा, जेवून घ्या."