किमचीची पंगत

अमरावतीच्या त्या कोरियन हॉटेलात मुख्य पदार्थ टेबलावर येतो, बाकीचं आपण उठून घ्यायचं. मला किमची, ते कोबीचं आंबट-तिखट लोणचं, आणखी हवी होती, पण सगळ्यांसमोर उठायची लाज वाटत होती.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा वेटरला वरूडच्या संत्र्यांचं कौतुक सांगत होते. अचानक ते उठले, काउंटरवरचं किमचीचं भांडंच उचललं आणि पंगतीत वाढावं तसे टेबलोटेबली फिरू लागले.

"आबा, हे बुफे आहे! आपापलं घ्यायचं असते," त्यांची नात ओरडली.

"पाहुण्याले उठून घ्या लागलं, त घरवाल्याची इज्जत काय राह्यली?"

मग माझ्याकडे वळले. "काहून लाजून राह्यली, पोरी? घे."

लग्नाच्या पंगतीत मी भूक असली तरी ताटावर हात आडवा धरते. त्या दिवशी धरला नाही.