जामखेडवाला भिडू

गेम बनवते म्हटलं की आमच्या शेवगावात लोक माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. "म्हणजे पोरांना नादाला लावायचं काम," असं एका काकूंनी भर लग्नाच्या पंगतीत मला सुनावलं होतं. मी म्हटलं, काकू, पोरं आमचा गेम खेळत असती तर मी आज स्वतःच्या गाडीनं आले असते, एसटीत उभी राहून नाही. काकूंनी पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

खरंच सांगते, पोरं आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही मोबाईलवरचा मेंढीकोट बनवला होता. चार जण खेळणार, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू, ज्या जोडीकडे दश्श्या, म्हणजे दहाची पानं, जास्त ती जोडी जिंकली. पैसे लावायचे नाहीत. घरोघरी खेळतात तोच खेळ, फक्त चौथा गडी मिळत नसेल तर तो फोनमध्ये शोधायचा. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून निघाली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. टेबलावर कोणाचं नाव दिसायचं नाही, गाव दिसायचं. आपल्याकडे माणसाला गावावरूनच हाक मारतात. बदलून आलेल्या मास्तरांचं नाव वर्षभर कोणाला ठाऊक नसतं, ते पाथर्डीकर गुरुजीच असतात. तसं आमच्याकडे कोणी शेवगावकर, कोणी राजूरकर, कोणी जामखेडवाला.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग हळूहळू कळायला लागलं की आपण कशात पडलोय. एक नवा खेळाडू आणायला जाहिरातीत जेवढे पैसे जायचे, तेवढे तो खेळाडू जन्मभर खेळला तरी सुटत नव्हते. त्यातून बरेचसे दुसऱ्याच दिवशी गेम काढून टाकायचे. आमच्यासमोर परदेशी कंपन्यांचे असे गेम होते की त्यांच्या एका बंदुकीच्या चित्रावर आमच्या अख्ख्या ऑफिसाएवढी माणसं राबत असावीत. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली तेव्हा आम्ही पेढे खाल्ले, म्हटलं आता लोक आपल्याकडे वळतील. कसलं काय! आमच्या गेममध्ये जाहिराती देणारे मोठे धनी तेच होते. ते गेले आणि जाहिरातीही गेल्या. पेढे खाताना हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, इतके आम्ही शहाणे.

सगळ्यात मोठं दुखणं रिकाम्या टेबलाचं होतं. टेबलावर तीन खुर्च्या रिकाम्या दिसल्या की माणूस निघून जातो, आणि तो गेला की टेबल आणखी रिकामं. म्हणून या धंद्यात सगळेच करतात ते आम्हीही केलं. माणूस नसेल तिथं कॉम्प्युटरच बसवायचा. तोच पत्ते टाकणार, तोच मधूनच दोन शब्द लिहिणार, आणि समोरच्याला वाटणार की कुठल्यातरी गावात कोणीतरी बसलंय. ऑफिसात आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो. पाहुण्यांना खेळायला आणि बोलायला शिकवायचं काम माझ्याकडे होतं.

एकेकाचा स्वभाव ठरवत बसले होते मी. राजूरची बाई सावकाश खेळणारी, हरली तरी गोड बोलणारी. जामखेडवाला सगळ्यात शेवटी केला. तोवर मालकांनी घाई लावली होती आणि माझं डोकं चालेना, म्हणून मी सरळ स्वतःच्या खोडी त्याच्यात ओतल्या. लहानपणी मी हुकमाचा एक्का शेवटच्या हातापर्यंत दाबून ठेवायचे, तोही ठेवायचा. बोली घातली आमच्या मामांची, कारण माझं आजोळ जामखेडचं. "आज पत्तं रुसल्यात आपल्यावर," असं तो हरल्यावर म्हणायचा. हे वाक्य मी घरी म्हणायचे, मामांच्या बोलीत, आई हसावी म्हणून.

आई गेली आणि शेवगावच्या घरात अण्णा एकटे उरले. अण्णा म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. "पुण्याला चला," म्हटलं की म्हणायचे, "तिथं मी काय करू? तुझी वाट बघू?" मी सकाळी आठला बाहेर पडायचे ती रात्री आठलाच परत. मग एकदा मी त्यांच्या फोनमध्ये आमचा मेंढीकोट टाकून दिला. त्यांच्या करमणुकीसाठी टाकला असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे माझ्या मनाला जरा बरं वाटावं म्हणून टाकला.

अण्णा रमले की हो! रोज दुपारी तीनला ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे, पाचला उठायचे आणि मला फोन करायचे. मग सगळा वृत्तांत. राजूरची बाई आज फार सांभाळून खेळली. श्रीगोंद्याचा एक जण अर्ध्यात पळाला, त्याला काही रीतभात नाही. आणि त्यांचा भिडू जामखेडवाला. "अगं, एक्का काय लोणचं घालायला ठेवतो का तो? दश्शी गेली हातची! तीन वर्षं झाली, सुधारायचं नाव नाही." हे बोलताना त्यांचा आवाज असा खुशीत असायचा की मी पलीकडे ऐकत राहायचे.

एकदा ऑफिसात बसून मी त्यांच्या टेबलाची जुनी नोंद काढून बघितली. नसती बघितली तर बरं झालं असतं. श्रीगोंद्याचा पळालेला तेवढा खरा माणूस होता. बाकी जवळजवळ रोज, तिन्ही खुर्च्यांवर, पाहुणेच. माझे वडील तीन वर्षं ओट्यावर बसून एकटेच पत्ते खेळत होते आणि ती व्यवस्था मी केलेली होती. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

सांगितलं मात्र नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

मग मालकांनी बोलावून घेतलं. ऑफिसात तोवर आम्ही चौघं उरलो होतो, बाकीच्यांच्या खुर्च्या टेम्पोत घालून विकायला नेल्या होत्या. मालक भला माणूस, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "पैसे घालणारे आता थांबा म्हणतात. खेळणारी खरी माणसं इतकी कमी झालीत की सर्व्हरचं भाडंसुद्धा निघत नाही. महिनाअखेर बंद करू." बंद होत असल्याची सूचना मी लिहायची आणि शेवटच्या दिवशी पाच वाजता बटणही मीच दाबायचं, असं ठरलं. मी त्यांना विचारलं की एक टेबल तेवढं चालू ठेवता येईल का. ते म्हणाले, कोणासाठी? मी म्हटलं, काही नाही, सहज.

सूचना अण्णांना फोनवर दिसायच्या आधी मी शेवगावला गेले. ठरवून गेले होते की या खेपेला सगळं खरं सांगायचं. तिथं कोणी नव्हतं, अण्णा. राजूरची बाई नाही, जामखेडवाला नाही. गेम बंद झाल्यावर ते जामखेडात त्या माणसाला शोधायला निघतील, अशी मला भीती वाटत होती. त्यांचा काही नेम नाही. एकदा हरवलेली छत्री परत द्यायला ते नेवाशापर्यंत गेले होते.

अण्णांनी चहा टाकला. मी गेम बंद होणार असल्याचं सांगितलं. त्यांनी कचेरीतल्या माणसासारखं सगळं नीट विचारून घेतलं, भाडं किती, जाहिराती का गेल्या, तुझ्या नोकरीचं काय. मी म्हटलं, बघू. मग मी घसा साफ केला.

"अण्णा, तुमच्या त्या टेबलावर ना..."

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"पहिल्याच महिन्यात ओळखलं मी," ते म्हणाले. "जामखेडवाला म्हणे! बापाला बनवतेस होय गं? एक्का दाबून ठेवायची खोड जाते का कुठं? आणि ते पत्ते रुसलेत, ते तुझ्याशिवाय कोण म्हणणार?" बोलता बोलता त्यांनी आवाज उगीचच खाली आणला. "ऑफिसच्या वेळात माझ्यासाठी येऊन बसतेस, म्हणून मी फोनवर कधी नाव काढलं नाही. फोन रेकॉर्ड होतात म्हणे. उगाच तुझ्या नोकरीवर यायला नको."

रोज पाचला फोन करून ते मला माझीच तक्रार सांगत होते, आणि मी ऐकून हसते आहे असं त्यांना वाटत होतं.

"तूच होतीस ना?"

"हो," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार होते मी? अण्णा इतके खूश झाले की त्यांनी बशीतला चहा सांडला. मी आतल्या खोलीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शेवटच्या दिवशी मी ऑफिसात एकटीच होते. मालकांना बघवणार नव्हतं, ते आलेच नाहीत. तीन वाजता शेवगावकर टेबलावर आले. मी जामखेडवाल्याला उठवलं आणि त्याच्या जागी स्वतः बसले. निदान शेवटचा दिवस तरी खरा असू दे, एवढंच मनात होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी अण्णांच्या समोर बसले होते.

आणि मी ठरवलं होतं की आज अण्णांना रागवायची वेळच आणायची नाही. हुकमाचा एक्का आला तसा मी दुसऱ्याच हाताला टाकला. दश्शी आमच्याकडे आली. नंतरही त्यांना हवं तेच पान टाकत गेले. चारही दश्श्या आमच्या, कोट झाला! लिहायला मात्र काही सुचेना. डोळे सारखे भरून येत होते. दोन तास आम्ही खेळलो, भरपूर जिंकलो. पाच वाजता मी बटण दाबलं.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"झालं बाई बंद," अण्णा म्हणाले. "जिंकलो आज. पण आज तू नव्हतीस ना?"

"कशावरून?" मी विचारलं.

"दुसऱ्याच कोणालातरी बसवलंस. मला लगेच कळलं. दुसऱ्या हाताला एक्का टाकला त्यानं. हुशार होता, पण एक शब्द बोलला नाही. तू असतीस तर मजा आली असती गं शेवटच्या दिवशी." मग त्यांनीच मला सांभाळून घेतलं. "असू दे. कामात असशील तू. बंद करायचं म्हणजे काय कमी काम असतं?"

"हो अण्णा," मी म्हटलं. "कामात होते."