पांडूकाकांची समुद्रातली खूण

पांडूकाकांच्या फोनमधलं लोकेशन मीच बंद केलं. विरारला माझं मोबाइलचं दुकान आहे, तेव्हा विद्वानासारखा म्हणालो, "काका, समुद्रात इंटरनेट नसतं. तिथे लोकेशन चालतच नाही, उगाच बॅटरी खातं."

काका अर्नाळ्याचे, चाळीस वर्षं होडीवर. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरा, जीपीएस वरच्या उपग्रहावरनं येतं ना? मग त्याला इंटरनेट कशाला?"

"चाललं, तर दिवसभर तुमचे बोंबील वाळत घालीन!"

काकांनी वाद घातला नाही. घरच्या वायफायवर नकाशा उतरवून घेतला, लोकेशन पुन्हा चालू केलं आणि समुद्रात जाळं लावलं तिथे फोनवर खूण करून ठेवली.

आठवड्याभरात जाळ्याची जागा दाखवणारा तरंगता डबा वाऱ्याने तुटून गेला. सगळं बंदर म्हणालं, जाळं गेलं. नवं घ्यायचं तर काकूंच्या पाटल्या मोडाव्या लागणार होत्या.

काका फोन घेऊन निघाले. रेंजची एक काडी नव्हती. तरी नकाशावरचा निळा ठिपका सरकत सरकत खुणेवर आला, तसा त्यांनी लोखंडी आकडा पाण्यात सोडला. तिसऱ्या खेपेला जाळं लागलं!

होडी परतली तेव्हा किनाऱ्यावर आरोळ्या उठल्या. आता काका बंदरावर सगळ्यांना जीपीएस आणि इंटरनेटमधला फरक शिकवतात, माझं नाव घेऊन.

दुकानावरून जाताना विचारतात, "काय मास्तर, बोंबील कवा?"

"या रविवारी नक्की," मी म्हणतो. असे चार रविवार झाले.