डबीरकाकांचा रविवारचा शब्द

आमच्या वरच्या मजल्यावर डबीरकाका राहतात. विश्वनाथ डबीर. फरीदाबादच्या एका कारखान्यात परचेसमध्ये सगळी नोकरी काढली, आता निवृत्त आहेत. जगात दोन प्रकारची माणसं असतात, असं त्यांचं मत आहे : इंग्रजी कामचलाऊ असणारी, आणि ते स्वतः. रोज सकाळी पेपरातून एक भारदस्त इंग्रजी शब्द निवडायचा, डिक्शनरीत त्याचा अर्थ बघायचा आणि दिवस मावळायच्या आत तो कुणावर तरी वापरायचा, हा त्यांचा नेम. भाजीवाल्याला "भैया, धनिये की क्वालिटी डिटिरिओरेट हो रही है" ऐकून घ्यावं लागतं. गेटवरचा शंभू कुठल्याही शब्दाला "बिल्कुल सर" म्हणून सलाम ठोकतो. दर जानेवारीत इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. तिथे सगळे हात जोडून उभे असताना मागून काकांचा आवाज येतो, "डिफीट नव्हे, डिबॅकल!" जणू तेवढ्याने सदाशिवरावभाऊंना बरं वाटणार आहे.

अशा माणसाकडे मी माझी मुलगी शिकायला पाठवली. निधी बारावीत आहे आणि लॉची प्रवेश परीक्षा देणार आहे, असं मी ठरवलं आहे. तिला मराठीत उंबरठा म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि इंग्रजीत 'लाइक' आणि 'लिटरली' या दोन शब्दांवर तिचं सगळं भागतं. परीक्षेत ते भागणार नाही, या काळजीने मला झोप लागत नाही.

काकांची पद्धत मात्र पक्की. पाठांतर नाही. शब्द घरी न्यायचा, जिवंत माणसाला तोंडावर लावून दाखवायचा, मग तो आपला.

त्या आठवड्यात काकांच्या घराचं चाललं होतं. त्यांचा मुलगा सुधन्वा नोएडात असतो, एकोणिसाव्या मजल्यावर. इथला फ्लॅट विकायचा, ते पैसे घालून तिकडे मोठा घ्यायचा आणि आईबाबांना त्यात एक खोली द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. काकांना घर सोडायचं नव्हतं. हे मला माहीत होतं, शंभूला माहीत होतं, भाजीवाल्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त सुधन्वाला, कारण फोनवर काका त्याला "अच्छा... बघू... तू म्हणतोस तर" एवढंच म्हणायचे. मग फोन ठेवून आमच्याकडे येऊन सांगायचे, "आय ॲम इन अ क्वॉन्ड्री." म्हणजे पेचात पडलोय.

जिन्यातून कांताकाकूंचा आवाज यायचा, "क्वॉन्ड्री कसली! घर विकायचं नाहीये तुम्हाला. सांगा ना त्याला."

"कांता, इट इज नॉट दॅट सिंपल."

"मराठीत सांगा, होईल सिंपल."

काकूंना असं ओरडायचा हक्क होता. घर दोघांच्या नावावर आहे. हरियाणात बायकोचं नाव घातलं की स्टँप ड्यूटी कमी लागते, म्हणून काकांनीच तिचं नाव घातलं होतं आणि ही युक्ती किती 'प्रूडंट' ते वर्षभर आम्हाला ऐकवलं होतं.

तर गुरुवारी काकांनी निधीला शब्द दिला : ॲक्विएस.

"ॲग्री वेगळं, कन्सेंट वेगळं," काका म्हणाले. "ॲक्विएसमध्ये मनाला पटलेलं नसतं, पण विरोधही करायचा नाही. मान खाली घालायची आणि होऊ द्यायचं."

"म्हणजे हो की नाही?"

"तोंडाने काहीच नाही. होतं मात्र समोरच्याच्या मनासारखं. आणि पुढे 'इन' लावायचं. रविवारपर्यंत उदाहरण आण. पुस्तकातलं नको."

रविवारी निधी वर निघाली, तशी मी थालीपीठं घेऊन तिच्या मागे गेले. थालीपीठं हे निमित्त. आदल्या दिवशीच काकूंनी सांगितलं होतं, सुधन्वा प्रॉपर्टी डीलरला घेऊन येणार आहे.

डायनिंग टेबलवर विसाराचा, इथल्या भाषेत बयाण्याचा, कागद होता. चिराग नावाचा डीलर चहा पीत होता. "बाबा, बिल्कुल टेन्शन घेऊ नका," सुधन्वा बोट ठेवत म्हणाला. "मी सगळं वाचलंय. इथे, इथे आणि इथे."

काकांनी एकदा बाल्कनीतल्या आपल्या खुर्चीकडे बघितलं. "तू म्हणतोस तर," म्हणत पेनाचं टोपण काढलं.

"काका, उदाहरण मिळालं!" निधी दारातूनच म्हणाली. "डबीर अंकल इज ॲक्विएसिंग इन द सेल ऑफ हिज होम."

मी डोळे मिटले. आता काका पेन फेकतील, किंवा हिला हाकलून देतील. डोळे उघडले तर काकांचा चेहरा उजळलेला.

"एक्सलंट! ऐकलंस सुधन्वा? 'ॲग्री' नाही म्हणाली. फरक कळलाय पोरीला." मग चिरागकडे वळून, "मतलब, मन में नहीं है, पर मना भी नहीं कर रहे."

चिरागने कप खाली ठेवला. "तो सर, आपके मन में नहीं है?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न पोटच्या मुलाने विचारला नव्हता. काका गडबडले. "नहीं नहीं, वो तो... वर्ड का मीनिंग बताया," म्हणाले आणि तिन्ही ठिकाणी सही करून मोकळे झाले. सहीसुद्धा सुरेख, वळणदार.

"आंटी, अब आप," चिराग म्हणाला.

काकूंनी पदराला हात पुसले. "निधी, मघाचा शब्द काय गं?"

"ॲक्विएस."

"हां. तो यांना येतो. मला नाही येत." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते काकांच्या खिशात खोचलं.

"आई, यार, प्लीज! बाबांनी केलीय सही."

"त्यांनी उदाहरण दिलं रे. मला घर विकायचं नाही."

"अगं, जरा प्रॅक्टिकल विचार कर."

"केला. थालीपीठ खा, गार होतंय."

सुधन्वाने खाल्लं नाही. चिरागने दोन खाल्ली, लोण्याची तारीफ केली आणि कागद घडी करून बॅगेत घातला. काका सगळा वेळ ताटलीत बघत होते. पण तिसरं थालीपीठ त्यांनी मागून घेतलं.

सोमवारी निधी नवा शब्द घेऊन आली : इंट्रान्सिजंट. अर्थ सांगताना काका म्हणाले, मराठीत हेकट. हेकट म्हणजे काय, तिने विचारलं. काकांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि हळूच वाक्य करून दिलं, "माय वाइफ, फॉर्च्युनेटली, इज इंट्रान्सिजंट."

हे मला सांगताना निधी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. लॉ तिच्या मनात आहे का, हे मीही कधी विचारलं नव्हतं. मी परीक्षेचा विषय काढला नाही.

"काकूंना ऐकू गेलं?" मी विचारलं.

"हो ना. आतून ओरडल्या, काय म्हणालात?"

"मग?"

"मग काय! काका म्हणाले, काही नाही, तू म्हणतेस तर."